भोंगेवाल्याच्या आईची शंभरी

आमच्या ला पास्तोरा गावात माणूस मेला म्हणजे लगेच मेला असं होत नाही. मीरोने भोंग्यावरून सांगितलं, की मग मेला. तोवर तो नुसता आजारी असतो. एकदा तोमास ओबांदो वारला आणि मीरोने चुकून त्याच्या भावाचं नाव पुकारलं. भाऊ न्हाव्याकडे बसलेला. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला साबण, तसाच रस्त्यावर धावत आला. "मीरो, हलकटा! मी जिवंत आहे!" मीरोने गाडी थांबवली, खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाला, "चुकलो रे बाबा. पण खरं सांग, ऐकायला कसं वाटलं?" भोंगा बंद करायला तो विसरला होता, त्यामुळे हा प्रश्न साऱ्या गावाने ऐकला. भोंगा बंद करायला तो नेहमीच विसरायचा. त्याच्या बायकोच्या हयातीत त्यांची निम्मी भांडणं आम्ही घरबसल्या ऐकली आहेत.

क्लोदोमिरो मातारिता हे त्याचं चर्चमधलं नाव. सत्तरीला टेकलेला गडी, पोट पुढे निघालेलं, केस मागे हटलेले. रंग उडालेली पिकअप आणि तिच्या टपावर दोन भोंगे, एवढाच संसार. कुणाचं डुक्कर हरवलं, चर्चमध्ये बिंगो आहे, कुणाकडे केळीच्या पानात उकडलेले गरम तामाल तयार आहेत, असलं सगळं तो सांगत फिरायचा. पण त्याचा खरा हात होता मयताच्या बातमीवर. मागे वॉल्ट्झची संथ धून लावायचा आणि असा काही आवाज काढायचा की ज्याच्याशी आपलं वीस वर्षं वाकडं होतं त्याच्यासाठीही डोळ्यांत पाणी यावं. "देव गळे वाटत होता तेव्हा मी रांगेत पहिला होतो," तो सांगायचा, "आणि डोकी वाटायला लागला तेव्हा मी गळा घेऊन घरी आलेलो."

सुरुवात मात्र दरवेळी एकच. माईकवर बोट आपटायचं आणि म्हणायचं, "एक, दोन, तीन." डुक्कर असो की मयत, आधी एक, दोन, तीन. आमच्याकडच्या बायका तेवढ्याच्या सुरावरून ओळखायच्या, पेटीतून काळा स्कर्ट काढायचा की नाही ते.

त्याची आई ओब्दुलिया. वय नव्व्याण्णव. आमच्या भागात म्हातारी माणसं फार. का, ते कुणालाच ठाऊक नाही, पण मोठेपणा मात्र आम्ही सगळे घेतो, जणू आम्हीच त्यांना जगवतोय. परदेशातून माणसं येतात, ओसरीत बसतात आणि आजीला विचारतात, इतकं जगायचं गुपित काय? एकाला तिने सांगितलं, काळा घेवडा आणि मक्याची तोर्तिया. दुसऱ्याला सांगितलं, सकाळी उठल्याबरोबर उसाच्या दारूचा एक घोट. तिसरी एक चष्मेवाली बाई होती, तिला सांगितलं, "नवरा लवकर गेला." तिघांनीही सारख्याच भक्तीने माना डोलावल्या.

एका दुपारी मायलेक ओसरीत मक्याची कणसं सोलत बसले होते. आई आपल्या झोळीत. दोन खांबांना बांधलेली ही दोऱ्यांची झोळी म्हणजे तिचं सिंहासन. मीरो खाली पाटावर.

"मीरो, मला आता पुरे झालं."

"ठेव मग. उरलेली मी सोलतो."

"कणसं नाही रे बैला. जगणं."

मीरोने काहीतरी गंमत करायला तोंड उघडलं. आईने कणीस उगारलं.

"तोंड मीट. एकदा तरी माझं ऐक. रुफिनाचं काय झालं बघितलंस ना?"

रुफिना म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचं हृदय बंद पडलं तेव्हा छाती दाबून दाबून तिला परत आणलं. मग बरगड्या मोडलेल्या, नाकात नळी, आणि ती नळी उपटते म्हणून हात पलंगाला बांधलेले. अशीच राहिली, अशीच गेली.

"भेटायला गेले तर तिने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मीच तिला बांधलंय," आई म्हणाली. "माझं तसं करायचं नाही. मला ह्या झोळीतून जायचंय. माझ्या छातीवर कुणी बसायचं नाही. आणि मी पुरती थंड होईपर्यंत तो मेला भोंगा लावायचा नाही."

"थंड झालीस ते कळणार कसं?"

"पाय धरून बघ. आधी पायच गार पडतात."

"आई, काहीतरी बोलतेस बघ."

"वचन दे."

मीरोने वचन दिलं. वचन द्यायला काय लागतं? तोंड लागतं, आणि ते त्याच्याकडे भरपूर होतं.

दवाखान्यातली डॉक्टर येन्द्री महिन्याला एकदा घरी यायची. राजधानीतून नुकतीच शिकून आलेली, बारकीशी पोरगी, मोटारसायकलवरून धुरळा उडवत यायची. आईने तिलाही तेच सांगितलं. येन्द्रीने ऐकलं, छातीला नळी लावून पुन्हा ऐकलं आणि म्हणाली, "आजी, हृदय दमलंय. एक दिवस थांबेल. नको म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, मी तसं नोंदवून ठेवते. पण कागद राहणार दवाखान्यात आणि तुम्ही पडणार इथे ओसरीत. लोक घाबरले की त्यांचे हात आपोआप चालतात. त्या वेळी कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं, की थांबा, त्यांना नकोय. कोण सांगेल?"

ओसरीतल्या सगळ्यांनी मीरोकडे बघितलं. मीरोने पोट आत घेतलं आणि छाती पुढे काढली. "आवाजाचाच तर धंदा आहे आपला, डॉक्टर."

आता ह्यात आमचा गाढवपणा कुठे शिरला ते सांगायला हवं. त्याच सुमारास शेजारच्या गावच्या अग्निशामक दलाची माणसं आमच्या शाळेत रबराची बाहुली घेऊन आली. बंद पडलेलं हृदय कसं चालू करायचं ते शिकवायला. सगळा गाव लोटला. उल्पियानो खाटकाने पहिल्याच दणक्यात बाहुलीतून असा काही आवाज काढला की शिकवणारा म्हणाला, "हळू, दादा! ही आधीच मेलेली आहे." मीरोचं मोजणं तर त्या लोकांना इतकं आवडलं की शेवटपर्यंत मोजायला त्यालाच उभं केलं. एक! दोन! तीन! चार! शाळेची पत्र्याची छपरं थरथरली. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, ती आम्ही घरोघरी मेरीमातेच्या तसबिरीशेजारी टांगली, आणि मग आमचे हात शिवशिवायला लागले. बाकावर कुणी डुलकी घ्यायला डोळे मिटले तरी तिघं धावायचे. म्हाताऱ्यांनी उघड्यावर झोपायचं सोडून दिलं.

दुसरं म्हणजे आजीची शंभरी. निवृत्त शिक्षिका निदियाबाईंनी कमिटी काढली. लाकडी पट्ट्यांचा आमचा बाजा, मारिम्बा, तो ठरला, बैलांचे खेळ ठरले, दोन डुकरं मका चारून पोसायला बांधली, पालिकेचे साहेब यायचे ठरले. आणि गावोगाव सांगत फिरायला मीरो, तेही फुकट. बिचाऱ्याला आपल्याच आवाजाची झिंग चढली. "एक, दोन, तीन! या हो या! आमची आई, साऱ्या गावाची आई, शंभर वर्षांची होणार!" नदीपलीकडच्या वाड्यांवरसुद्धा सांगून आला, जिथे आईला कुणी ओळखतही नव्हतं.

आईने झोळीतूनच ते ऐकलं. तो घरी आल्यावर विचारलं, "ही कोण रे ओब्दुलिया, जिची शंभरी आहे?"

"तूच की."

"तिला विचारलंस का, हवी का म्हणून?"

"कमिटीने ठरवलंय गं."

"मग कमिटीलाच जगू दे शंभर वर्षं."

मीरो हसला. आई गमतीत बोलते असं समजून हसणं ही त्याची जुनी युक्ती होती. खूप सोयीची.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर मारिम्बावाले तालमीला आजीच्याच ओसरीत आले. तिला आवडेल म्हणून. आम्हीही गेलो. कॉफी होती, मक्याची कडक बिस्किटं होती. दुसरं गाणं रंगात आलं आणि आजीच्या हातातला कप निसटला. मान कलली. कप गडगडत पायरीपर्यंत गेला. मारिम्बाच्या टोकाला उभ्या असलेल्या पोऱ्याचं लक्ष नव्हतं, तो एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला.

उल्पियानो सगळ्यांच्या आधी पोचला. त्याने आजीला झोळीतून उचलून फरशीवर ठेवलं, गुडघे टेकले, हात छातीवर बरोबर शिकवल्या जागी ठेवले. आणि मीरोकडे बघितलं. डॉक्टर सांगून गेली होती ते त्याच्याही कानावर होतं. खाटीक असला तरी विचारून हात चालवणारा माणूस आहे तो.

मीरोला दोनच शब्द बोलायचे होते. राहू दे. तोंडात तयारही होते. पण आईच्या एका पायातली चप्पल निघून पडली होती, आणि तिची टाच दिसत होती, लहान मुलीसारखी, आणि ती टाच बघून त्याची दातखीळच बसली. डोक्यात मारिम्बा, डुकरं, शंभरी, पालिकेचे साहेब, सगळं एकदम फिरलं. आणि मग त्या जगप्रसिद्ध गळ्यातून आवाज निघाला.

"एक! दोन! तीन! चार!"

उल्पियानोचे हात चालू झाले. आम्हीही मोजायला लागलो. मीही मोजत होते, खोटं कशाला बोलू? सगळी ओसरी मोजत होती, शाळेत पाढे म्हणावेत तशी. मध्येच काहीतरी कडकन मोडल्याचा आवाज आला. ते काय होतं ते सगळ्यांना कळलं, पण मोजणं कुणी थांबवलं नाही. आणि आजीने श्वास घेतला.

काय टाळ्या पडल्या म्हणता! उल्पियानो ओक्साबोक्शी रडला. निदियाबाईंनी मारिम्बावाल्यांच्या गळ्यात पडून घेतलं. मीरो पळत गाडीत जाऊन बसला आणि भोंग्यावरून ओरडला, आजी वाचली, आजी जिवंत आहे, शंभरी होणार! तो परत आला तेव्हा दवाखान्यातून धावत आलेली येन्द्री आजीजवळ उकिडवी बसली होती. ओरडली नाही. नुसतं विचारलं, "मीरो, तुम्ही ह्यांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं ना," मीरो म्हणाला. "एक, दोन, तीन, चार असं सांगितलं." आणि हसायला गेला तो रडायलाच लागला.

आजीने शहरातल्या हॉस्पिटलात जायला साफ नकार दिला. येन्द्री रोज येऊन दुखणं कमी करायचं औषध द्यायची. पण मोडलेल्या बरगडीला श्वास तर घ्यावाच लागतो. खोकला आला की आजी पदरासारखं झोळीचं टोक दातात धरायची. आल्यागेल्याशी बोलायची, मीरोशी एक अक्षर नाही. तो समोर उभा असताना म्हणायची, "उल्पियानो, तुझ्या शेजारी कुणीतरी उभं आहे ना, त्याला म्हणावं पाणी आण."

मीरो गुत्त्यात जाऊन स्वतःची टर उडवायचा. "गावात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? माझा. सगळ्यांत भित्रा कोण? मीच. एका माणसाच्या जेवणात दोन नग पोसतोय गाव." आम्ही हसायचो. सगळ्यांत मोठ्याने तोच हसायचा. मग घरी न जाता पिकअपमध्ये बसून राहायचा, स्टिअरिंगवर हात ठेवून, कुठे जायचं नसताना.

एक दिवस मात्र कणसांची टोपली घेऊन तो गुपचूप आईसमोर पाटावर जाऊन बसला आणि सोलायला लागला. टोपली निम्मी झाली.

"मला ऐकू येत होतं," आई शेवटी म्हणाली. "मी कुठे होते ते आठवत नाही. पण तिथे भोंगा नव्हता एवढं नक्की. मग तुझा आवाज आला. एक, दोन, तीन. म्हटलं, आलाच का हा मेला इथेही."

मीरोने आणखी एक कणीस उचललं.

"का केलंस रे?"

"मला शंभरी हवी होती," मीरो म्हणाला. "तुझी नाही, माझी. सगळीकडे सांगून बसलो होतो ना. शरम वाटते आई, पण तेही होतं. आणि... तू गेलीस की मला मेल्या म्हणणार कोण?"

"गाव म्हणेल की."

"त्यांचं मी मनावर घेत नाही."

आई हसायला गेली आणि कळवळली. बरगडीला हात लावून तशीच राहिली. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "मला फार दुखतंय रे, मीरो."

मीरोने हातातलं कणीस टोपलीत ठेवून दिलं.

"परत वेळ आली तर?" तिने विचारलं.

"सांगेन."

"मागेही हेच म्हणाला होतास."

ते त्याला लागलं. रात्रभर विचार केला म्हणे, जे त्याच्या बाबतीत आम्हाला खरं वाटत नाही, पण सकाळी तो एका निश्चयाने उठला होता एवढं खरं. ऐन वेळी आपली बोलती बंद होते हे त्याला कळून चुकलं होतं. मग वेळेआधीच का बोलू नये? त्याने पिकअप काढली, माईकवर बोट आपटलं. "एक..." म्हणाला आणि अडखळला. मग घाईघाईने पुढचे दोन म्हणून टाकले.

"ला पास्तोराकर हो! ही मयताची बातमी नाही, काळे कपडे काढू नका. माझ्या आईचा निरोप आहे. तिला परत आणायचं नाही. पुन्हा पडली तर पडू द्यायचं. ज्यांनी ज्यांनी बाहुलीवर शिकून घेतलंय त्यांनी आमच्याकडे येताना ते शिकलेलं घरी ठेवून यावं. बसायला या, कॉफी घ्यायला या. मागच्या वेळी चूक उल्पियानोची नव्हती. आईने मला सांगायला ठेवलं होतं आणि मी मोजत बसलो. असला मुलगा देव कुणाला न देवो. सूचना संपली."

गावात आग लागल्यागत झालं. चौकात निदियाबाईंनी गाडीसमोर उभं राहून ती अडवली. "मीरो! पोटच्या पोराने आईच्या जिवावर उठावं?"

"जिवावर नाही उठलो बाई. तिच्या जिवावरून खाली उतरतोय."

उल्पियानो रक्ताने माखलेला अंगरखा तसाच घालून दुकानातून आला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "मी वाचवलं तिला. साऱ्या जन्मात एवढंच चांगलं काम केलं मी. बाकी नुसतं कापतच आलोय. आणि तू म्हणतोस ती चूक?"

"चूक माझी म्हणालो. तुझ्यापुढे माणूस पडला, तू धावलास. दुसऱ्या कुणासाठी परत धाव, माझ्यासाठी तर धावच. पण तिने नको म्हटलंय रे."

"आणि मी काय करू? तिथे नुसता बघत बसू?"

"बस. कॉफी पी. एरवी येतोसच ना फुकटची प्यायला?"

गर्दीतून कुणीतरी फसकन हसलं. मग सगळे पाद्रीबाबांकडे वळले. ते म्हणाले, देव बोलावतोय तर आपण दार अडवून कशाला उभं राहायचं, हृदय थांबू दिलं म्हणून पाप लागत नाही. आणि मग हळूच म्हणाले की प्रमाणपत्र त्यांनीही भिंतीवर लावलंय, ते आज काढून ठेवतील.

"पण शंभरीला थोडेच तर दिवस राहिलेत!" निदियाबाई ओरडल्या. "तेवढे तरी... मग काय ते..." आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. कानापर्यंत लाल झाल्या. आम्हीही इकडेतिकडे बघायला लागलो, कारण शब्द त्यांच्या तोंडून निघाले असले तरी पोटात सगळ्यांच्याच होते.

त्या संध्याकाळी बाई एकट्याच आजीकडे गेल्या. माफी मागायची होती, पण शाळेच्या सवयीने नुसत्याच घसा खाकरत बसल्या. आजीच म्हणाली, "काय गं निदिया, इतकी वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यास. शंभरपैकी नव्व्याण्णव वाईट आहेत का?"

"नाही हो, आजी."

"मग पास कर मला."

त्यानंतर आजी फार दिवस राहिली नाही. एका सकाळी मीरोने तिला कॉफीचे दोन घोट पाजले. तव्यावर तोर्तिया फुगत होती. उल्पियानो कागदात गुंडाळलेली कलेजी घेऊन आला होता, आजीसाठी म्हणून, जी शेवटी मीरोच खायचा. आजीचा श्वास लांबत चालला. एक यायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुढचा.

उल्पियानोच्या हातातलं पुडकं खाली पडलं. त्याने बाह्या कधी वर केल्या आणि गुडघे कधी टेकले हे त्यालाही कळलं नसावं. "मीरो! मीरो, अरे बोल ना! काय करू?"

आजीचे डोळे उघडे होते. ती मीरोकडे बघत होती. तो लहान असताना ती त्याला मीठ आणायला दुकानात धाडायची आणि दारात उभी राहून बघायची, अर्ध्या रस्त्यात हा विसरतोय का. तसंच बघत होती. आणि लहानपणी तो हमखास विसरायचा.

मीरोने तोंड उघडलं. आवाज नाही. नदीपलीकडे पोचणारा गळा, आणि त्यातून हवासुद्धा निघेना. त्याने ओठ ओले केले. पुन्हा प्रयत्न केला. मग जे निघालं ते इतकं बारीक होतं की दारात उभ्या असलेल्या शेजारणीलाही ऐकू गेलं नाही.

"राहू दे, उल्पियानो. जाऊ दे तिला."

आजीने डोळे मिटले. लक्षात ठेवलंस बाबा एकदाचं, अशा थाटात मिटले असं मीरो म्हणतो, आणि ह्या बाबतीत आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवतो. आणखी दोनचार श्वास आले. मग आले नाहीत. उल्पियानो तिथेच फरशीवर बसला, ते मोठाले हात मांडीवर उताणे टाकून. त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. मीरोने आजीचा कॉफीचा कप त्याच्या हातात दिला.

मग तो झोळीच्या पायथ्याशी गेला, पाटावर बसला आणि आईचे पाय हातात घेतले.

बातमी फुटलीच. अंगणात माणसं जमली, काळे कपडे घालून, पण भोंगा झाला नव्हता म्हणून कुणी मोठ्याने रडेना. ऊन चढलं. तव्यावरची तोर्तिया जळून कोळसा झाली. निदियाबाईंनी आत डोकावून विचारलं, "मीरो, भोंगा?"

"अजून गरम आहेत," मीरो म्हणाला.

मग पाद्रीबाबा विचारायला आले. "अजून गरम आहेत."

शेवटी येन्द्रीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिने एक पाय त्याच्या हातातून हलकेच सोडवला, चाचपला, आणि मग त्याचे हात चाचपले. "मीरोकाका," ती म्हणाली, "तुम्ही असे धरून बसलात तर ते गार पडतील कसे?"

मीरोने आपल्या हातांकडे बघितलं. "थोडा वेळ," म्हणाला. "एवढा थोडाच वेळ." मग त्याने एक एक करून दोन्ही पाय झोळीत ठेवले, त्यांवर चादर घातली आणि पिकअपकडे गेला.

आम्ही अंगणात कान देऊन उभे होतो. भोंगा खरखरला. माईकवर बोट आपटल्याचा आवाज आला. आम्ही एक, दोन, तीनची वाट बघत राहिलो. ते आलं नाही. वॉल्ट्झही लागला नाही. तो ठेवणीतला, लोकांना रडवणारा आवाजही नव्हता.

"माझी आई गेली," भोंगा म्हणाला. "ओब्दुलिया. वय वर्षं नव्व्याण्णव. आपल्या झोळीतून गेली, तिला हवं तसं. आज संध्याकाळी या. नऊ दिवस प्रार्थना आहे. डुकरं तयारच आहेत, मारिम्बाही ठरलेला आहे, तेव्हा काही कमी पडायचं नाही. सूचना संपली."

त्याने माईक खाली ठेवल्याचा आवाज आला. भोंगा बंद करायला तो विसरला होता, नेहमीसारखाच. गाडीत बसून त्याचं नाक ओढणं साऱ्या गावाने ऐकलं. उल्पियानो बंद करायला निघाला होता, पण निदियाबाईंनी त्याची बाही धरली. मग भोंग्याच्या खरखरीतून मीरोने हळूच विचारलं,

"आई, ऐकायला कसं वाटलं?"